लुसिंडाबाईचा झोक

फोन आला तेव्हा माझ्या हातात अनाथगृहाचं कपड्यांचं रजिस्टर होतं. १८७७ ते १८८४. एकवीस जानेवारी, सोमवार. पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मी सकाळी साडेनऊपासून बसलो होतो.

"पप्पा, कुठे आहात?" शारोनने विचारलं.

"ग्रंथालयात. शारोन, ऐक, सापडलं. आत्ताच सापडलं. दोन मुली होत्या—"

"पप्पा, आई गेली."

मी विचारलं, "कधी?"

"दहा पन्नासला. मी तिला पाणी पाजत होते."

मी "निघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. पण मी लगेच उठलो नाही. आधी पानाचा क्रमांक वहीत लिहून घेतला. त्रेसष्ट. मग रजिस्टर मिटलं आणि उठलो. तो क्रमांक लिहून घेतल्याची लाज मला अजून वाटते.

मी जयानंद रणनवरे. नगर जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. लोक मोजणीवाले म्हणतात. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेताच्या हद्दी मोजल्या. मला लिहिण्याची सवय पंचनाम्याची आहे, म्हणून हेही तसंच लिहितो आहे. जे झालं ते, झालं त्या क्रमाने.

करुणा, माझी बायको, घरी शिवणाचा क्लास चालवायची. शेवटची तीस वर्षं आमच्या पुढच्या खोलीत तीन मशीन होती. खेड्यांतल्या बायकांना मापाला यायला वेळ नसायचा. त्या कुणाच्या तरी हाती दोरा पाठवायच्या, दोन्ही टोकांना गाठ मारलेला. एक दोरा छातीचा, एक उंचीचा. करुणा त्यावर चिठ्ठी अडकवून खिळ्याला लावून ठेवायची आणि ब्लाउज बिनचूक शिवून द्यायची.

गेल्या वर्षी जूनमध्ये रविवारच्या उपासनेनंतर ती चर्चच्या पायरीवर पडली. पायरी नेहमीचीच होती. मी हात धरून उठवलं तर हसली.

"अहो, लोकांना वाटेल मी पिऊन आलेय."

"लागलं का?"

"नाही. झोक गेला जरा."

तो शब्द ऐकला आणि मी तिचा हात सोडला नाही. करुणाच्या माहेरी हा शब्द सहज कुणी वापरत नाही. तिची आई त्रेपन्नाव्या वर्षी गेली. आधी चालताना तोल जायला लागला, मग शब्द आठवेनात, मग अंग झटके खायला लागलं, सात महिन्यांत संपलं. आईची मावशी तशीच गेली. त्यांच्या घरात याला लुसिंडाबाईचा झोक म्हणतात. लुसिंडाबाई ही करुणाच्या आईच्या आजीची आई. अठराशे सत्त्याहत्तरच्या दुष्काळातलं अनाथ पोर, मिशनच्या अनाथगृहात वाढलेलं. या घराण्यात झोक गेलेली पहिली बाई म्हणून तिचंच नाव सांगतात. तिचे डोळे घारे होते म्हणे. सासूबाई सांगायच्या, दुष्काळात कोकणातून कुणाच्या तरी पाठीमागे आलेलं पोर असणार. अमेरिकन नावाचं कुणालाच नवल नव्हतं. त्या अनाथगृहात प्रत्येक मुलाला अमेरिकन नाव असे. तिकडचं एखादं चर्च किंवा एखादी बाई एका मुलाचा खर्च उचलायची आणि मुलाला त्यांचं नाव द्यायचे. दुष्काळातल्या धुळीने माखलेल्या पोरांची नावं हॅना ब्राउन आणि जॉर्ज पीबॉडी.

ऑगस्टमध्ये निदान झालं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी समजेल असं सांगितलं. मेंदूत एक प्रथिन असतं, घडी घालून ठेवलेल्या कापडासारखं. पेशींमध्ये ते तयार करण्याच्या ज्या सूचना असतात, त्यांत एक अक्षर चुकलेलं असेल तर पन्नाशीच्या आसपास केव्हातरी एका प्रथिनाची घडी उलटी पडते. मग ते शेजारच्याची घडी बिघडवतं, ते त्याच्या शेजारच्याची. सूचनांच्या प्रती प्रत्येकाकडे दोन असतात, एक आईची, एक बापाची. बिघडलेली एकच पुरते. पुढे मुलाकडे ती जाईल की चांगली जाईल, हे नाणं उडवण्यासारखं.

"औषध आहे का?" मी विचारलं.

"आहे, पण इथे नाही," त्या म्हणाल्या.

औषध म्हणजे अक्षरांची एक छोटी पट्टी. पाठीच्या कण्यात टोचतात. ती बिघडलेल्या प्रतीला चिकटून तिला गप्प करते आणि चांगल्या प्रतीला हात लावत नाही. पण दोन प्रतींत फरक एका अक्षराचा, आणि एवढ्याशा फरकावर पट्टी चुकते. म्हणून ती आजूबाजूची अक्षरं बघून बनवतात. ती अक्षरं घराण्यागणिक वेगळी असतात. मला हे लगेच कळलं. एका दगडावरून शेत ओळखता येत नाही, चतुःसीमा बघावी लागते. जगात या रोगाची अशी पंचवीस-तीस घराणी आहेत आणि ज्याच्या त्याच्या चतुःसीमेचं औषध वेगळं. ज्याचं घराणं नोंदलेलं नाही त्याला औषध नाही.

करुणाचं रक्त बंगळूरला पाठवलं. तिथे वंशपट नावाचं यंत्र आहे. मेलेल्या माणसाचं रक्त कुणाकडे नसतं, पण त्याच्या वंशजांत त्याचे तुकडे विखुरलेले असतात. वंशपट हजारो जिवंत माणसांतले तुकडे गोळा करून दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा आराखडा जुळवतं. आमच्या खात्यात जुना गावनकाशा फाटला की आम्ही शेजारच्या गावांच्या नकाशांवरच्या सामाईक हद्दी जुळवून तो परत काढायचो. तसंच.

उत्तर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. करुणाची बिघडलेली प्रत अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या हेल घराण्याची होती. तिच्या अंगात तिथल्या मूळ हेल नवराबायको या दोघांचेही तुकडे होते, म्हणजे ती त्यांच्याच कुठल्यातरी मुलाच्या वंशातली. त्यांची मुलं चार. तिघांनी अमेरिका कधी सोडली नाही. चौथी मुलगी लुसिंडा, जन्म १८४६, लग्न नाही, मूल नाही. १८७२ ते १८७७ ती हिंदुस्थानात शिक्षिका होती. नगरजवळच्या मिशनमध्ये.

करुणाला वाचून दाखवलं. तेव्हा ती बोलत होती, फक्त मध्येच एखादा शब्द हरवायचा.

"म्हणजे लुसिंडाबाई खर्च देणाऱ्या बाईचं नाव मिळालेली पोर नव्हती," ती म्हणाली. "पोटचीच होती. त्या बाईने स्वतःच्या मुलीला स्वतःचंच नाव देऊन सगळ्यांच्या देखत तिथे ठेवली. कुणाला शंका येणार?" थोड्या वेळाने म्हणाली, "कशी गेली असेल हो बोटीत चढून."

हेल घराण्याचा एक ट्रस्ट आहे. औषध तोच बनवून घेतो, वर्षाला चाळीस जणांपुरतं, आणि वंशजांना फुकट देतो. पण मागे बाहेरच्या काही आजारी माणसांनी, लागू पडलं तर पडलं म्हणून, घराण्यातल्या माणसांचं रक्त विकत घेऊन आपलं म्हणून पाठवलं होतं. तेव्हापासून ट्रस्टचा नियम झाला. रक्ताचा पुरावा हवा आणि कागदाचाही. पहिल्या बाईपासून रोग्यापर्यंत सलग, मध्ये तुटायला नको.

ट्रस्टच्या नोरा व्हिटकम नावाच्या बाईंशी मी पडद्यावर बोललो. साठीच्या, चश्मा, मागे फायलींचं कपाट. त्या इंग्रजीत बोलायच्या आणि मला मराठीत ऐकू यायचं.

"मिस्टर रणनवरे, चालता आणि बोलता येतंय तोपर्यंतच औषधाचा उपयोग होतो. डोस तयार व्हायला सहा आठवडे लागतात. तुम्ही घाई करा."

"करतो. कोणते कागद लागतील?"

त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "आणखी एक. लुसिंडाच्या सामानात एक पत्र्याची डबी आहे. त्यात बारा रेशमी दोरे आहेत, प्रत्येकाला सालाची चिठ्ठी. १८७८ ते १८८९. नव्वद साली ती जिन्यावरून पडून गेली. आम्हाला वाटतं विणकामाचे असतील. तुम्हाला काही सुचतं का?"

"नाही," मी म्हणालो. "फॉर्ममध्ये सातव्या रकान्यात काय लिहायचं ते सांगा."

हे मी करुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

मी पुण्याला जायला लागलो. आठवड्यातून चार दिवस. सकाळी सहाची गाडी, रात्री परत. निघताना करुणा दाराशी भिंतीला धरून उभी राहायची.

"चालले मडमच्या मागे," ती म्हणायची. "लग्नाआधी माझ्यामागे एवढे फिरला नव्हतात."

"तुझ्यासाठीच चाललोय ना."

"मला ठाऊक आहे. पण मी इथे आहे. ती पुण्यात आहे."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाप्तिस्म्याचं रजिस्टर मिळालं. फेब्रुवारी १८७७, लुसिंडा हेल, अनाथगृह क्रमांक ४१, वय अंदाजे सहा. मग लग्नाची नोंद, १८९५, लुसिंडा, अनाथगृह क्रमांक ४१, वय अठरा, नवरा शाळामास्तर गायकवाड. तिथून पुढे करुणापर्यंतचे सगळे कागद घरातच होते. साखळी पूर्ण झाली. मी फोटो काढले आणि त्याच दिवशी पाठवले.

सत्त्याहत्तर साली जी सहा वर्षांची ती पंचाण्णव साली चोवीसची हवी. ते माझ्या लक्षात आलं होतं. जुन्या नोंदींत वय अंदाजे लिहायचे म्हणून मी सोडून दिलं. शिवाय करुणा म्हणाली तसं जर ती त्या बाईची मुलगी असेल, तर १८७२ साली आलेल्या बाईची मुलगी १८७७ साली सहा वर्षांची कशी? तेही सोडून दिलं. मोजणीला गेलं की आधी हद्दीचा दगड कुणी हलवलाय का ते बघायचं असतं. हे मी दहा पोरांना शिकवलं असेल. इथे मी दगड बघितला आणि नंबर जुळतोय म्हणून मोजणीची साखळी टाकली.

त्याच महिन्यात प्रभाकरराव आले. करुणाचे थोरले भाऊ. ते बसले नाहीत.

"दाजी, आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजल्या. आता आमच्या घराची मोजताय?"

"काय झालं?"

"संदीपचं लग्न मोडलं. मुलीच्या मामाने वंशपटावर बघितलं. आमचं घर तिथे लाल रंगात दिसतंय. करुणाचं रक्त गेलं त्या दिवसापासून. माझ्या मुलाने रक्त दिलं नाही, मी दिलं नाही, तरी आम्ही लाल."

"प्रभाकरराव, तुमची बहीण आहे ती."

"मला सांगताय? आईला मीच उचलून संडासला न्यायचो." ते करुणाकडे वळले. "तू सही केलीस तेव्हा मला विचारायचं नाही?"

करुणा शब्द शोधत होती. बराच वेळ लागला. मग म्हणाली, "दादा, मला जगायचंय."

ते निघून गेले. चहा तसाच राहिला.

ट्रस्टचं उत्तर बारा नोव्हेंबरला आलं. पाच आठवड्यांनी. त्यांनी ग्रंथालयाकडून पूर्ण रजिस्टरची प्रत मागवली होती. मी ज्या पानाचा फोटो पाठवला होता त्याच्या मागच्या बाजूला मृत्यूची नोंद होती. अनाथगृह क्रमांक ४१, लुसिंडा हेल, ९ जुलै १८७७, पटकी. 'सबब सदर व्यक्तीपासून वंश चालणे शक्य नाही. अर्ज नामंजूर. नवा पुरावा आल्यास फेरविचार होईल.'

मी पान उलटलं नव्हतं.

घरी करुणाला सांगायला गेलो. ती खुर्चीत होती, शारोन तिचे केस विंचरत होती. शारोन आमची एकुलती एक. शाळेत गणित शिकवते. त्या महिन्यात तिने बिनपगारी रजा घेतली होती. मी सांगत गेलो, करुणा माझ्याकडे बघत होती. तिला किती कळलं ते सांगता येत नाही. शेवटी ती म्हणाली, "बसा." एवढंच. तो शब्द तिला नीट सापडला.

मी पाच-दहा मिनिटं बसलो. मग उठून बॅग भरली.

शारोन दारापर्यंत आली. "पप्पा, ती बसा म्हणाली."

"डिसेंबरअखेरपर्यंत वेळ आहे. नोराबाईंनी सांगितलंय."

"तिला वेळ आहे की तुम्हाला?"

मी बॅग उचलली. गाडीची वेळ झाली होती.

नोव्हेंबर आणि डिसेंबर मी पत्रं वाचण्यात घालवले. सुपरिटेंडेंटची पत्रं, वार्षिक अहवाल, औषधांच्या याद्या. एका पत्रात सापडलं की एखादं मूल गेलं तर त्याचं नाव आणि नंबर पुढच्या मुलाला देत, म्हणजे तिकडच्या मंडळींचं मन खचत नाही. दुष्काळाच्या साली पोरं दर आठवड्याला मरत होती. एकेक नाव तीन तीन पोरांनी वापरलं असेल. म्हणजे ४१ नंबरची दुसरी मुलगी असणार. पण असणार याला कागद लागतो. बाप्तिस्मा एकदाच लिहिलेला होता. दुसरी पोर गुपचूप आली होती आणि गुपचूपच ठेवली होती.

डिसेंबरच्या मध्याला करुणाचं बोलणं थांबलं. नाताळात ती उठू शकली नाही. नोराबाईंची मुदत संपली. तरी मी जात राहिलो. का, हे शारोनने विचारलं. मी म्हणालो, कदाचित उशिरा दिलं तरी थोडा फरक पडेल. खरं कारण वेगळं होतं. घरी बसलं की तिचे हात झटके खाताना दिसायचे. ग्रंथालयात कागद हलत नसत.

एकवीस जानेवारीला कपड्यांचं रजिस्टर मागवलं. ते कुणी कधी मागवलं नव्हतं, वर धूळ होती. अनाथगृहाचा एक शिंपी होता. दर तीन महिन्यांनी तो प्रत्येक पोराची खांद्यापासून घोट्यापर्यंतची उंची घ्यायचा. नंबर, नाव, इंच. शेवटच्या रकान्यात शेरा, मोडी लिपीत. मोडी मला येते, खात्याने शिकवली होती.

जून १८७७. क्रमांक ४१, लुसिंडा हेल, एकतीस इंच.

सप्टेंबर १८७७. क्रमांक ४१, लुसिंडा हेल, साडेअठरा इंच.

मूल आखडत नाही. तीन महिन्यांत साडेबारा इंच कमी म्हणजे ते दुसरं मूल. सहा-सात महिन्यांचं. मडम लुसिंडा हेल त्याच ऑक्टोबरमध्ये मुंबईहून बोटीत बसली, हे मला आधीच माहीत होतं.

मी पुढची पानं बघितली. मार्च ७८, वीस. डिसेंबर ७८, तेवीस. तिथे शेरा होता. 'क्र. ४१ चे मापाचा दोरा अमेरिकेस मडमसाहेबांकडे पाठविला.' पुढच्या डिसेंबरात परत तोच शेरा. त्याच्या पुढच्याही. दुसऱ्या कुठल्याच पोराच्या नावापुढे हा शेरा नव्हता.

बारा दोरे. पत्र्याची डबी.

आमच्या पुढच्या खोलीत तीस वर्षं खिळ्याला असे दोरे लटकत होते. बाई लांब आहे, मापाला येऊ शकत नाही, म्हणून दोरा. मी सप्टेंबरात घरी जाऊन करुणाला एवढंच म्हणालो असतो की त्या मडमकडे सालाच्या चिठ्ठ्या लावलेले बारा दोरे सापडलेत, तर मशीनवरून मान न उचलता तिने सांगितलं असतं की आई पोराचं माप मागवत होती. मग मी पहिल्याच दिवशी शिंप्याचं रजिस्टर मागवलं असतं. सप्टेंबरातच अर्ज, नोव्हेंबरअखेर औषध. तेव्हा ती चालत होती.

हे सगळं डोक्यात जुळत होतं आणि फोन वाजला.

दफन दुसऱ्या दिवशी झालं. पाळकांनी प्रार्थना केली. प्रभाकरराव आले होते, संदीपही. माती लोटून झाल्यावर प्रभाकरराव माझ्याजवळ येऊन उभे राहिले. चिखल नव्हता, तरी त्यांनी माझा दंड धरला होता. सुरुवातीला मला वाटलं ते मला आधार देताहेत. मग कळलं, ते स्वतः धरून उभे होते.

"दाजी," ते हळू आवाजात म्हणाले, "सापडलं म्हणे तुम्हाला."

"सापडलं."

"मग आता ते मिळतं?"

"ज्यांचं रक्त जुळेल त्यांना."

फाटकापर्यंत त्यांनी हात सोडला नाही. मी त्यांच्या पायांकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

मी फेब्रुवारीत रजिस्टरची पानं पाठवली, सगळी, दोन्ही बाजूंनी. नोराबाईंनी डबीतले दोरे मोजले आणि आकडे कळवले. रजिस्टर १८८४ पर्यंतच आहे, म्हणजे जुळवण्यासारखे दोरे सात. सातही जुळले. सर्वांत मोठा फरक पाव इंचाचा. त्या शिंप्याच्या दोऱ्याइतकी अचूक मोजणी मी खात्यातही पाहिली नाही.

नोराबाई पडद्यावर रडल्या. "आम्ही पिढ्यान् पिढ्या ती डबी शिवणकामाच्या टोपलीत ठेवत होतो," त्या म्हणाल्या.

"माझ्या बायकोने ओळखलं असतं," मी म्हणालो. "मी तिला विचारलं नाही."

मार्चमध्ये ट्रस्टचं पत्र आलं. लुसिंडा हेल, जन्म १८४६. तिची मुलगी लुसिंडा, जन्म १८७७, बाप अज्ञात, स्थानिक. पुढे एकेक नाव. करुणा जयानंद रणनवरे, नोंद मंजूर, मृत. तिची जागा तिच्या वारसासाठी एकतीस ऑगस्टपर्यंत राखीव. झोक यायच्या आधीच औषध दिलं तर तो येतच नाही, असं त्यांचे आकडे सांगतात. त्यासाठी आधी रक्त जुळायला हवं. सोबत रक्ताची नळी पाठवायची पेटी आणि एक पाकीट. पाकिटात १८८४ चा दोरा होता. 'हा तुमच्याकडे असावा.' निळं रेशीम, रंग विटलेला, दोन्ही टोकांना गाठ. मी मोजला. छत्तीस इंच.

एप्रिलमध्ये शारोन जेवायला आली. आता ती शाळेजवळ खोली घेऊन राहते. दोरा मशीनवर ठेवला होता. तिने उचलला.

"हे काय?"

मी सांगितलं. दोऱ्यांचं सगळंच सांगितलं, नोराबाईंशी झालेल्या पहिल्या बोलण्यापासून. तिला हे माहीत नव्हतं. ती दोरा बोटांना गुंडाळत होती, सोडत होती.

"आईला दाखवलं असतं तर तिने सांगितलं असतं."

"हो."

"तुम्ही रोज रात्री घरी यायचात. ती विचारायची, काय सापडलं. तुम्ही म्हणायचात, तुला नाही कळायचं, रेकॉर्डचं काम आहे."

मला ते आठवत नव्हतं. पण मी तसं म्हणालो असेन. मी नेहमी तसंच म्हणायचो.

"शारोन, ती पेटी—"

"माहितेय. नोराबाईंनी मलाही लिहिलंय." तिने दोरा खाली ठेवला. "पप्पा, मी रक्त दिलं आणि जुळलं, तर तुम्ही परत बॅग भरणार. माझ्याकडे नाही बघणार, रिपोर्टकडे बघणार. आणि नाही जुळलं तर मी आईच्या बाजूची राहणार नाही. दोन्ही मला आत्ता नकोय."

"औषध लागू पडतं, शारोन. आधी दिलं तर."

"तेही माहितेय. मी गणित शिकवते. निम्मं म्हणजे किती ते मला कळतं." ती उठून ताटं घ्यायला गेली. आतून म्हणाली, "मला विचारू नका. मी सांगेन."

"बरं."

"खरंच विचारू नका."

"नाही विचारणार."

मग ती जेवायला बसली आणि मीही बसलो. जेवण झाल्यावर बसून राहिलो. ती शाळेतल्या एका पोराचं काहीतरी सांगत होती, मी ऐकत होतो. मला कुठे जायचं नव्हतं. नऊच्या सुमाराला ती गेली. जाताना पायऱ्या उतरत होती आणि मी दारात उभा होतो. तिचं पाऊल सरळ पडत होतं. ती एकोणतीस वर्षांची आहे, सरळ पडणारच. तरी मी सगळ्या पायऱ्या मोजल्या.

तेव्हापासून ती दर रविवारी येते. पेटी कपाटावर आहे, दोघांनाही दिसेल अशी. मी ती हलवलेली नाही आणि तिच्याविषयी बोललेलो नाही. प्रभाकररावांचा परवा फोन आला होता. पत्ता विचारत होते, रक्त कुठे द्यायचं त्याचा. मी सांगितला. त्यांनी दिलं की नाही ते माहीत नाही.

आज चार ऑगस्ट. मुदत एकतीसपर्यंत आहे. शारोनने रक्त अजून दिलेलं नाही.